कलता आंस

कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मीच्या देवळांत वर्षांतून दोन वेळां सायंकाळीं एक सोहळा होतो. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, आणि ९, १० व ११ नोव्हेंबर या त्याच्या परंपरेनें ठरलेल्या तारखा होत. देवालय पश्चिमाभिमुख असल्यामुळें मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून शिरतात, मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यांत देवीच्या चरणांना स्पर्श करितात. सूर्य जसजसा खालीं उतरतो तसतसा तो प्रकाश मूर्तीवर वर वर चढत जातो. भाविक लोक यास किरणोत्सव म्हणतात. हा उत्सव आम्हीं लहानपणापासून पाहिला. परंतु त्यांतील एका चमत्कारिक गोष्टीकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें. रामनवमी, दसरा, दिवाळी हे आपले सण इंग्रजी तारखांशीं मेळ ठेवीत नाहींत; दरवर्षीं पंचांग उघडल्यावांचून ते केव्हां येणार हें कळत नाहीं. देवीचा हा उत्सव मात्र इंग्रजी तारखेला जणूं खिळून बसला आहे. देवळांतल्या उत्सवाला पंचांगाची गरज कां पडूं नये?

कारण शोधूं गेल्यास तें आकाशांत नसून आपल्या पायांखालीं सांपडतें. पृथ्वी सूर्याभोंवतीं ज्या पातळींतून जाते त्या पातळीवर तिचा आंस काटकोनांत उभा नाहीं. तो सुमारें २३ अंश २६ कला कललेला आहे. हा कल नसता तर सूर्य बाराही महिने ऐन पश्चिमेलाच मावळला असता, आणि देवीच्या मूर्तीवर एक तर रोज ऊन आलें असतें, नाहीं तर कधींच आलें नसतें. कल आहे म्हणून सूर्यास्ताचें स्थान क्षितिजावर दक्षिणोत्तर झोंके घेतें, आणि दोन टोंकें वगळलीं तर मधल्या प्रत्येक स्थानीं तें वर्षांतून दोनदां येतें. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोंकाला असतो. १० नोव्हेंबर हा त्याच्या ४१ दिवस आधींचा दिवस, १ फेब्रुवारी हा ४२ दिवस नंतरचा. दोन्ही दिवशीं सूर्याची दक्षिण क्रांति सुमारें १७ अंश असते, आणि कोल्हापुरांत, म्हणजे १६ अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर, तो खऱ्या पश्चिमेपासून सुमारें १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. दोन्ही हंगामांचें गणित एवढेंच. तिथि चंद्रावर चालते. हा उत्सव सूर्यावर आणि पृथ्वीच्या कलावर चालतो, म्हणून तो तारखेला बांधलेला आहे.

कललेल्या आंसाभोंवतीं फिरणें ही गोष्ट बोलावयास सोपी, पण करून दाखविण्यास अवघड. याचा प्रत्यय आम्हांस अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणीं आला. आमचा एक भाचा संगणकावरचे खेळ रचतो. खेळाचा एकेक टप्पा उभा करण्याचें जें साधन असतें त्याला हीं मुलें लेव्हल एडिटर म्हणतात. त्यांत भिंती, पूल, दिवे, चाकें हवीं तेथें मांडावींत आणि हवीं तशीं फिरवावींत. त्याला डोंगराच्या उतारावर तिरपें बसविलेलें एक चाक फिरतें ठेवावयाचें होतें. साधनानें तीन कोन विचारले. त्यानें एका कोनानें चाक तीस अंश कलविलें आणि दुसरा कोन क्षणोक्षणीं वाढत जाईल अशी व्यवस्था केली. चाक फिरलें खरें, पण स्वतःच्या आंसाभोंवतीं नव्हे. सबंध चाकच आपल्या कलासकट उभ्या रेषेभोंवतीं गिरक्या घेऊं लागलें. वेग मंदावलेला भोंवरा मान डोलवूं लागतो, अगदीं तसें.

“मामा, कोन तर बरोबर दिलेत, मग हें असें डोलतें कां?” असें त्यानें विचारिलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. दोन दिवसांनीं त्यानेंच तें आणून दिलें. चाकाला थेट कलवावयाचेंच नाहीं. डोळ्यांना न दिसणारी एक चौकट करावयाची, ती एकदांच हवी तेवढी कलवून पक्की करावयाची, आणि चाक तिच्या पोटांत सरळ बसवून स्वतःच्या आंसाभोंवतीं फिरूं द्यावयाचें. या मुलांच्या परिभाषेंत ती चौकट आई-बाप आणि चाक तिचें लेंकरूं. कल सांभाळणें हें चौकटीचें काम, फिरणें हें चाकाचें. एकाचें काम दुसऱ्यावर लादलें कीं डोलणें सुरू होतें. ही युक्ति ऐकतांच आम्हांस भास्कराचार्यांची आठवण झाली.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असल्याचें ते सांगतात. आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळील पाटणें येथें आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायांत आकाशाची प्रतिकृति कशी बांधावी हें त्यांनीं सांगितलें आहे. बाहेर एक खगोल: क्षितिज, याम्योत्तर इत्यादि वर्तुळांचा, न हलणारा. त्याच्या आंत भगोल: विषुववृत्त, क्रांतिवृत्त व नक्षत्रें ज्यावर दाखवावयाचीं तो, फिरणारा. आणि दोहोंच्या मधून आरपार जाणारी ध्रुवयष्टि, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला सरळ दांडा. हा दांडा क्षितिजाशीं जो कोन करितो तो त्या गांवाच्या अक्षांशाएवढाच असावयाचा. एकदां तो नीट बसला म्हणजे आंतला गोल नुसता फिरवावा. सूर्य उगवणें, माथ्यावर येणें, तिरक्या वाटेनें मावळणें हें सारें आपोआप दिसतें. आमच्या भाच्याची अदृश्य चौकट ती हीच. फरक इतकाच कीं ती बांबूच्या कांबींची होती.

येथें एक गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. यष्टीचा कल शास्त्रानें सर्वांना एकच ठरवून दिलेला नाहीं. तो ज्याच्या त्याच्या गांवानें द्यावयाचा आहे. तो काढण्याची जुनी रीत मोठी सुटसुटीत होती. सूर्य विषुववृत्तावर असेल त्या दिवशीं माध्यान्हीं बारा अंगुळांचा शंकु सपाट जमिनीवर उभा करावा आणि त्याची छाया मोजावी. या छायेला पलभा म्हणतात. उज्जयिनीस ती ५ अंगुळांहून किंचित् अधिक भरते, पुण्यास सुमारें ४, आणि कोल्हापुरास सुमारें ३ अंगुळें ३६ व्यंगुळें. उज्जयिनीची पलभा घेऊन कोल्हापुरांत गोल बांधला तर तो फिरेल सुंदर, पण त्यांतला सूर्य कोल्हापूरचा सूर्य असणार नाहीं.

हाच विचार पुढें दगडांत उभा राहिला. जयपूरच्या सवाई जयसिंहांच्या पदरीं जगन्नाथ सम्राट् नांवाचे पंडित होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. त्यांनीं युक्लिडाचें भूमितिशास्त्र ‘रेखागणित’ या नांवानें आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नांवानें अरबी भाषेंतून संस्कृतांत आणिला. जयसिंहांनीं दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी व मथुरा येथें वेधशाळा बांधिल्या. त्यांतील सम्राट्-यंत्र म्हणजे एक प्रचंड त्रिकोणी भिंत. तिची उतरती कड पृथ्वीच्या आंसाला समांतर. जयपूरची ही भिंत सुमारें ९० फूट उंच असून तिच्या कडेचा कल जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारें २७ अंश आहे. उभ्या काठीची सांवली दिवसभर कमी-अधिक वेगानें सरकते. या कललेल्या कडेची सांवली बाजूच्या वर्तुळखंडांवर प्रत्येक तासाला सारखेंच अंतर तोडते, आणि जयपुरांत ती दर सेकंदाला सुमारें एक मिलिमीटर चालतांना डोळ्यांना दिसते. कड बरोबर कलविली, तेवढ्यानें विषम गति सम झाली.

त्याच आवारांत चक्र-यंत्र आहे: पृथ्वीच्या आंसाशीं समांतर अशा आंसावर फिरणारीं धातूचीं कडीं. आणि त्याहूनही विलक्षण तें राशिवलय-यंत्र. क्रांतिवृत्ताचा ध्रुव हा आकाशाच्या ध्रुवापासून दूर असल्यामुळें तो स्वतःच दिवसभर प्रदक्षिणा घालीत असतो. म्हणजे एक कललेला आंस दुसऱ्या कललेल्या आंसाभोंवतीं फिरतो. दगडाच्या भिंतीला तर फिरतां येत नाहीं. मग एक नव्हे, बारा यंत्रें बांधलीं. प्रत्येक राशि याम्योत्तरावर येते त्या वेळीं क्रांतिवृत्ताचा ध्रुव जेथें असेल तिकडे त्या त्या यंत्राची कड रोखलेली. एका फिरत्या चौकटीच्या बदली बारा स्थिर चौकटी! यांपैकीं उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ मध्यें ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारनें केला, आणि गोविंद सदाशिव आपटे हे महाराष्ट्रीय ज्योतिषी तिचे अधीक्षक होते.

यूरोपांत हीच गोष्ट दुर्बिणीच्या रूपानें घडली. आकाशांतला तारा तिरका चढतो. दुर्बीण डावी-उजवी व वर-खालीं अशा दोन गतींनीं हालवावी तर दोहोंचा वेग क्षणोक्षणीं बदलावा लागतो. तिचा मुख्य आंस ध्रुवाकडे कलवून बसविला तर एकाच गतीनें, २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत एक फेरा या हिशेबानें, ती फिरवीत राहिलें कीं तारा नजरेंतून सुटत नाहीं. आणि एवढें काम घड्याळालाही करितां येतें. फ्राउनहोफर यानें १८२४ मध्यें दोर्पात येथील वेधशाळेसाठीं अशी घड्याळाच्या यंत्रावर फिरणारी मोठी दुर्बीण करून दिली, तेव्हांपासून हा प्रघात पडला. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें १८८८ मध्यें जी तख्तसिंहजी वेधशाळा निघाली तिच्यासाठीं डब्लिनच्या ग्रब कारखान्याची २० इंची आरशाची दुर्बीण आणविली होती. तिचे संचालक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीं २२ जानेवारी १८९८ रोजीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. १९१२ मध्यें ही वेधशाळा बंद होऊन तिचीं उपकरणें कोडाईकनालला गेलीं. पुण्याचे अक्षांश १८ अंश ३१ कला, कोडाईकनालचे १० अंश १४ कला. पुण्यास बसविलेला आंस तेथें आठ अंशांनीं चुकणार. दुर्बीण तीच असली तरी तिचा कल नव्या गांवाकडूनच मागून घ्यावा लागतो.

या नियमाचा अत्यंत सुंदर दाखला आपल्याच देशांत उटकमंडजवळ आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेप्रमाणें १९७० मध्यें तेथें ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. एवढी अवाढव्य वस्तु कलवावयाची कशी? त्यांनीं ती कलविलीच नाहीं. ज्या डोंगराचा उतारच त्या जागेच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारें ११ अंश आहे, असा डोंगर शोधून काढिला आणि दुर्बीण उतारावर दक्षिणोत्तर आडवी केली. तिचा लांबट आंस आपोआप पृथ्वीच्या आंसाला समांतर झाला, आणि एकाच फिरण्यानें ती कित्येक तास एका ताऱ्याचा माग ठेवूं शकते. त्यांच्याच प्रेरणेनें पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण झाली. तेथें मात्र आंस कललेला नाहीं. थाळ्या डाव्या-उजव्या आणि वर-खालीं अशाच फिरतात, आणि दोन्ही गतींचा मेळ संगणक घालितो. म्हणजे कल नाहींसा झाला नाहीं. तो लोखंडांतून काढून गणितांत ठेवला, एवढेंच.

हें गणितही वाटतें तितकें परकें नाहीं. ऑयलर यानें १७७५ मध्यें दाखविलें कीं, एक बिंदु स्थिर ठेवून एखादी वस्तु कशीही वेडीवांकडी वळविली तरी आरंभींच्या स्थितींतून अखेरच्या स्थितींत ती कोणत्या तरी एकाच आंसाभोंवतीं एकदां फिरवून आणितां येते. परंतु वळणांचा क्रम मात्र बदलतां येत नाहीं. वाचकांनीं समोरचें पुस्तक आधीं उभें करून मग उजवीकडे वळवावें. दुसऱ्या खेपेस आधीं उजवीकडे वळवून मग समोरच्या बाजूनें उभें करावें. दोन्ही खेपांस पुस्तकाचें तोंड निराळ्या दिशेला येईल. दोन आणि तीनचा गुणाकार उलटसुलट केला तरी सहाच. वळणांचें तसें नाहीं. १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं डब्लिनमध्यें कालव्याच्या कांठानें जातांना हॅमिल्टन याला वळणें मांडण्यास योग्य असे चौपदरी अंक सुचले, आणि त्यानें त्यांचें सूत्र पुलाच्या दगडावर चाकूनें कोरलें. ज्यांत गुणाकाराचा क्रम बदलल्यास उत्तर बदलतें असे हे अंक. आज मुलांच्या खेळांतील चाकें, विमानें व माणसें या अंकांच्या आधारेंच वळतात. आमच्या भाच्याची चूक कोनांची नव्हती, क्रमाची होती.

आणि ती चूक तरी सर्वस्वी चूक म्हणावी काय? त्याचें चाक कलासकट उभ्या रेषेभोंवतीं डोललें. पृथ्वीही तेंच करिते. तिचा कललेला आंस सुमारें २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, याला आपण अयनचलन म्हणतों. यामुळेंच खरें उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होत असूनही आपण मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला करितों. याच गिरकीच्या आधारें लोकमान्य टिळकांनीं १८९३ मध्यें ‘ओरायन’ या ग्रंथांत वेदकाल ठरविण्याचा यत्न केला, आणि पंचांगें दृष्टीशीं जुळावीं म्हणून केरूनाना छत्रे यांनीं जो वाद ओढवून घेतला त्याच्याही मुळाशीं हीच गिरकी होती. आंस कोठें आहे, किती कलला आहे आणि तो स्वतः फिरतो कीं काय, या तीन प्रश्नांचा घोळ झाला म्हणजे पंचांगाचाही भोंवरा होतो.

आतां पुन्हां देवीच्या दाराशीं येऊं. अलीकडच्या वर्षांत किरण चरणांवर अथवा मूर्तीच्या मध्यभागापर्यंत येऊन लुप्त झाले, मुखापर्यंत पोंचले नाहींत, अशा वार्ता वारंवार ऐकूं येतात. ढग व धूळ यांबरोबरच किरणांच्या वाटेंतील बांधकामेंही आड येतात असें पाहणींत दिसून आलें आहे. येथें भावनेपेक्षां हिशेब बरा. या दिवसांत सूर्यास्ताचें स्थान रोज सुमारें तृतीयांश अंशानें सरकतें; पहिल्या दिवसापासून तिसऱ्यापर्यंत तें सूर्यबिंबाच्या रुंदीहून फार अधिक हलत नाहीं. सूर्याला एक अंश खालीं उतरावयास चार-साडेचार मिनिटें लागतात. तीनशें मीटरांवरील घरावर पांच मीटर उंचीचा नवा मजला चढला कीं पश्चिमेचा सुमारें एक अंश झांकला जातो. म्हणजे एका दीड-मजली वाढीनें किरणांची अखेरचीं चार-साडेचार मिनिटें जातात. आणि सूर्य उतरतांना किरण चढत असल्यामुळें जातात तीं नेमकीं मुखाजवळचीं मिनिटें.

घरमालकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. गांव वाढणार, मजले चढणार. पेठेंत राहणाऱ्या कुटुंबांनाही जागा हवी. परंतु मागणी केवढी लहान आहे पाहा. दोन-तीन अंश रुंदीची एक पट्टी, म्हणजे तीनशें मीटरांवर दहा-पंधरा मीटर, नकाशावर आंखून तिच्यांतील उंचीला मर्यादा घालावयाची. हें एकदांच करावयाचें काम आहे. रोज फिरण्याचें काम पृथ्वी करितेच. ज्यांनीं ही वाट राखिली त्यांच्यापाशीं संगणक नव्हता. आपण कोठें उभे आहों आणि तेथून सूर्य कसा तिरका उतरतो, एवढें त्यांनीं नीट पाहिलें होतें. आमच्यापाशीं सर्व साधनें आहेत, आणि आमचीं मुलें पडद्यावर कललेलीं चाकें बिनचूक फिरवूं लागलीं आहेत. येत्या नोव्हेंबरांत भाच्याला बरोबर घेऊन महाद्वारांत उभें राहण्याचा आमचा बेत आहे. त्या सायंकाळीं प्रकाश कोठवर चढतो तें तो मोजणार आहे. तो आंकडा मुखापर्यंतचा निघावा, एवढीच देवीपाशीं आणि आपल्या गांवापाशीं आमची प्रार्थना आहे.